घराजवळून 400 केव्हीची लाइन जाणार? आधी खुंटीवर काय लिहिलंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, घरापासून साधारण 60 मीटरवर 400 केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या वीजवाहिनीसाठी आठवड्यापूर्वी खुंट्या मारल्या, थोरल्या दिरांच्या दीड एकरात एक टॉवर येणार असं सर्व्हेवाल्यांच्या बोलण्यावरून कळलं. घरात दोन लहान मुलं, सासऱ्यांना पेसमेकर. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. कॅन्सर होतो का, घराची किंमत पडेल का, सही द्यावी का, आणि लाइन थांबवता येईल का.

मी तीस वर्षं लाइनच्या सर्व्हेवर आणि उभारणीवर काढली. म्हणजे मी खुंट्या मारणाऱ्यांच्या बाजूचा माणूस, हे आधीच सांगून टाकतो. त्या हिशेबाने माझं बोलणं चाळून घ्या.

तुम्ही न विचारलेला पाचवा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: खुंटीवर काय लिहिलंय? तुमच्या फोटोत अक्षरं पुसट आहेत, पण ‘एपी’ आणि पुढे आकडा असावा असं दिसतं. एपी म्हणजे अँगल पॉइंट, लाइन जिथे वळते ती जागा. दोन एपींच्या मध्ये लाइन सुतासारखी सरळ जाते आणि मधले टॉवर त्या सुतावरच बसतात. 400 केव्हीला दोन टॉवरमधलं अंतर सर्वसाधारण 400 मीटरच्या आसपास असतं. त्यामुळे ‘आमच्या घरापाशी तेवढी जरा सरकवा’ ही मागणी इंजिनिअरला तुमच्या घरापाशी पुरी करता येत नाही. ती एपीपाशी पुरी होते, आणि तो एपी कदाचित पुढच्या गावाच्या शिवारात असतो. तुमचं घर दोन एपींच्या मधोमध असेल आणि त्यातला एक 100 मीटर सरकला, तर घरापाशी लाइन 50 मीटर सरकते. तुमच्याच आवारात एपी असेल तर गोष्ट आणखी सोपी.

जांबोटीच्या बाजूला एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बांधावर अडवलं. त्याच्या विहिरीच्या कडेलाच खुंटी बसली होती. तो म्हणाला, “साहेब, खुट्टी हितंच मारायला पाहिजे म्हणून कुठं लिवलंय काय?” खरं सांगायचं तर कुठंच लिहिलेलं नव्हतं. ऑफिसात नकाशावर रेघ मारताना ती विहीर कुणाला दिसलीच नव्हती. नवा एपी 70 मीटर वर, खडकाळ माळावर घेतला. खर्चात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही, कारण तेव्हा फक्त खुंट्या होत्या. हीच गोष्ट फाउंडेशन ओतल्यावर मागितली असती तर कुणी ऐकलं नसतं. एका बाजूचा टॉवर उभा राहिला की पुढच्याला हलायला जागा उरत नाही.

म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे तो खुंटी ते खड्डा एवढाच. कधी तो तीन-चार महिन्यांचा असतो, कधी वर्षाचा. परवानग्या किती अडकल्यात त्यावर ठरतं. लोक हा वेळ जनसुनावणीची वाट बघण्यात घालवतात. वीजवाहिन्या 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत नाहीत, त्यामुळे कारखान्याला किंवा खाणीला होते तशी जनसुनावणी इथे होत नाही. वर्तमानपत्रात गावांच्या नावांसह जाहीर सूचना येते, हरकतीसाठी बहुधा दोन महिन्यांची मुदत असते, आणि ती आपल्याकडे कुणीच वाचत नाही. कन्नड किंवा इंग्रजी पेपरात आली असेल तर विचारायलाच नको. तुमच्या गावाचं नाव कोणत्या सूचनेत आलं, हे ग्रामपंचायतीत आणि तहसीलदार कचेरीत विचारा. नाही कळलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

लाइन गावाला चिकटूनच का येते, हेही सांगतो, कारण त्यातच वाटाघाटीची जागा आहे. खानापूर तालुक्यात जंगल मोठं. वनजमिनीतून जायचं तर वनसंवर्धन कायद्याखाली मंजुरी लागते, भीमगड अभयारण्याच्या बाजूला गेलं तर वन्यजीव मंडळही आलं. ते टाळायला सर्व्हेवाला रेघ जंगलाच्या कडेने आणतो, आणि जंगलाची कड म्हणजे आपली भाताची खाचरं आणि गावठाण. मी स्वतः अशा रेघा मारल्यात. एका बाजूला झाडं मोजावी लागतात, दुसऱ्या बाजूला माणसं समजवावी लागतात. दुसरं काम सोपं, असा ऑफिसचा समज असतो.

पण मार्ग बदलत नाही असंही नाही. धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यातल्या शेल्डेला जाणाऱ्या 400 केव्ही लाइनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2021 मध्ये शिफारस केली की नवा पट्टा तोडू नका, आधीपासून असलेल्या 220 केव्ही लाइनच्या कडेने जा. तिथे प्रश्न जंगलाचा होता हे खरं. तरी त्यातला मुद्दा तुमच्या अर्जात चालतो: जवळपास जुनी लाइन, रस्ता, कालवा असेल तर त्याच्या कडेने जायचा पर्याय तपासलात का, तपासला असेल तर का सोडला, लेखी सांगा.

आता थांबवता येईल का, याचं सरळ उत्तर. पूर्ण थांबवणं फार अवघड. वीज कायदा 2003 च्या कलम 164 खाली कंपनीला तार कायद्याचे अधिकार मिळालेले असले, तर जमीनमालकाची संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. 1885 च्या तार कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा आला असला तरी वीजवाहिन्यांसाठी त्याचा तिसरा भाग चालू ठेवलेला आहे. तुम्ही अडवलंत की कंपनी तार कायद्याच्या कलम 16 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या डीसींकडे जाते. त्यांचा आदेश झाल्यावर जेसीबीसमोर उभं राहणं हा गुन्हा ठरतो. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर केस त्यांच्या अंगावर येते आणि टॉवर व्हायचा तो होतोच. मात्र 164 चे अधिकार नसतील तर चित्र वेगळं, तिथे मालकाची संमती लागते, आणि त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. म्हणून पहिला अर्ज हाच करा: या लाइनला 164 चे अधिकार कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला मिळाले, प्रत द्या.

अर्ज कन्नडमध्येच हवा म्हणून टेबलावरून परत केला तर वाद घालत बसू नका. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, मराठीतही. तरी माझा अनुभव असा की मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडली की फाइल लवकर हलते. हक्क आपल्या जागी, काम आपल्या जागी. गावातल्या एखाद्या शिक्षकाकडून करून घ्या.

सहीबद्दल. वाचता न येणाऱ्या किंवा रिकाम्या जागा सोडलेल्या कागदावर सही करायची नाही. हे सगळेच सांगतात आणि तरीही लोक करतात, कारण कागद घेऊन येणारा मुलगा ओळखीचा असतो. आपल्याकडे पंचनामा ‘महजर’ म्हणून कन्नडमध्ये लिहितात. त्यात किती झाडं, कोणती, किती वर्षांची आणि पीक किती गुंठ्यांतलं, एवढं तरी वाचून घ्याच. फणसाचं पंचवीस वर्षांचं झाड ‘इतर, 1’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. सही करण्याआधी फोटो काढा. पीकनुकसानीचे पैसे घेतले म्हणजे लाइनला कायमची मान्यता दिली असं होऊ नये, म्हणून पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारले’ एवढे तीन शब्द आपल्या हाताने लिहा.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका गावात मी तोंडी कबूल केलं होतं की गोठ्यापाशी टॉवर उंच घेऊ. माझी बदली झाली, नव्या माणसाला ते माहीतच नव्हतं, आणि टॉवर साधाच बसला. त्या घरातल्या बाई अजून बाजारात भेटतात. बोलतात नीट, पण तो विषय काढत नाहीत. तेव्हा माझ्यासारखा कुणी बांधावर उभा राहून काही कबूल करत असेल तर चहा पाजा आणि लिहून घ्या.

तब्येतीची काळजी. इथे दोन टोकं ऐकू येतात. ‘काही होत नाही’ म्हणणारे आणि ‘गावात कॅन्सरची साथ येईल’ म्हणणारे. दोघांवर विश्वास ठेवू नका. लाइनभोवती विद्युत क्षेत्र असतं आणि चुंबकीय क्षेत्र असतं. विद्युत क्षेत्र भिंत, झाड, छप्पर बऱ्यापैकी अडवतं. चुंबकीय क्षेत्र भिंतीने अडत नाही, ते फक्त अंतराने कमी होतं, आणि तारांतून किती करंट वाहतोय त्यावर दिवसभर बदलतं. 50 हर्ट्झसाठी सामान्य माणसाची आंतरराष्ट्रीय मर्यादा 2010 पासून 200 मायक्रोटेस्ला आहे (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप). 400 केव्हीच्या तारांच्या बरोबर खाली नेहमीच्या लोडला साधारण 5 ते 10 मायक्रोटेस्ला असतं. 50-60 मीटरवर ते 1 च्या खाली येतं, 100 मीटरवर घरातल्या वायरिंगच्या पातळीत मिसळायला लागतं.

मग कॅन्सरचं काय? काही पाहण्यांमध्ये असं दिसलं की ज्या घरांत सरासरी 0.3-0.4 मायक्रोटेस्लाच्या वर क्षेत्र सतत असतं, तिथे मुलांमधल्या ल्युकेमियाचं प्रमाण किंचित जास्त. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये याला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2-बी गटात टाकलं. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, आणि हा आजार मुळात विरळ आहे. तुमचं 60 मीटर हे अशा जागी आहे की मी ‘शून्य काळजी’ म्हणणार नाही आणि ‘घर सोडा’ तर मुळीच म्हणणार नाही. माझी नातवंडं त्या घरात राहिली असती तर? राहू दिली असती. पण खुंटीच्या वेळेला आणखी 30-40 मीटर मिळत असतील तर त्यासाठी भांडलोही असतो. अंतर आता फुकट मिळतं, नंतर मिळत नाही.

पेसमेकरचं उत्तर मी देणं बरोबर नाही. त्यांच्याकडे मॉडेल नंबरचं कार्ड असेल, ते डॉक्टरांना दाखवून ‘400 केव्हीच्या तारांखालून शेतात जावं लागेल’ हे वाक्य स्पष्ट सांगा. माझ्यापुरतं बोलायचं तर घरात बसण्याने फरक पडणार नाही, पण सासऱ्यांनी नेमकं तारांखाली तासन्‌तास भांगलण करत बसू नये.

खरा धोका लोक विचारतच नाहीत, तो रोजच्या कामातला. तारांखाली बोअरची गाडी उभी करायची नाही. तिचा मास्ट, म्हणजे उभा खांब, वर गेला की संपलं. दिरांना त्या शेतात बोअर मारायची असेल तर जागा आताच नकाशावर दाखवा. स्प्रिंकलरचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आतली माती झटकायला उभा धरायचा नाही. उसाचा पाला तारांखाली पेटवायचा नाही. ज्वाळा आणि धूर तारेपर्यंत गेले की वरून ठिणगी खाली येते. लाइनला समांतर लांब तारेचं कुंपण असेल तर त्यात वीज उतरते, हात लागला की चांगला झटका बसतो. म्हणून अशा कुंपणाला ठरावीक अंतरावर अर्थिंग करायचं. पत्र्याच्या गोठ्यालाही. हे काम लाइनवाल्यांनी करून द्यायचं असतं, मागा. आणि मृगापासून पाऊस झिमझिम लागला की लाइन तडतडते, भजी तळल्यासारखा आवाज. तो धोका नव्हे, पण रात्री झोपेला त्रास होतो. 60 मीटरवर ऐकू येईल, खोटं कशाला बोलू.

आता अंतराचे नियम. 400 केव्हीचा पट्टा, म्हणजे तारांखाली बांधकामाविना मोकळी ठेवायची जागा, 46 मीटरचा धरतात, मध्यरेषेपासून 23-23. तुमचं घर 60 मीटरवर, म्हणजे पट्ट्याबाहेर. पण हे 60 कुठून मोजले? खुंटी म्हणजे मध्यरेषा. तिथून टेप धरून घराच्या सर्वात जवळच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, पावलांनी नको. सुरक्षा नियमांनुसार तारा जास्तीत जास्त झोळल्या असताना जमिनीपासून किमान 8.8 मीटर, आणि इमारतीवरून जात असतील तर 7.3 मीटर, कडेने 5.6 मीटर असं गणित येतं. हे किमान आहे. टॉवरला 3, 6, 9 मीटरची वाढ देता येते, त्यामुळे गावाजवळच्या दोन टॉवरना वाढ मागणं ही अगदी रास्त मागणी. तार उंच गेली की खालचं क्षेत्रही कमी होतं. जमिनीखालून केबल टाका ही मागणी मात्र 400 केव्हीला गावाकडे कुणी मान्य करणार नाही, खर्च कितीतरी पट होतो. त्यात ताकद घालवू नका.

किंमत आणि भरपाई. घर पट्ट्याबाहेर असेल तर घराला सरळ भरपाई मिळत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र टॉवर बघून भाव पाडणारच. हे कटू आहे, पण असं आहे. दिरांच्या शेताचं मात्र नीट बघा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे टॉवरखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के. आधीच्या 2015 च्या तत्त्वांत हे 85 आणि 15 होतं. मार्च 2025 च्या पुरवणीने पट्ट्यासाठी नगरपालिका भागात 45 आणि महानगरपालिका भागात 60 टक्के केले. बेळगाव शहराला लागून असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. ही तत्त्वं आंतरराज्य लाइनसाठी. राज्याची लाइन असेल, म्हणजे केपीटीसीएल या कर्नाटकच्या सरकारी वीजवहन कंपनीची, तर राज्याचा आदेश कोणता लागू आहे हे डीसी ऑफिसात विचारावं लागेल.

हिशेब करून दाखवतो, कारण लोक चुकीच्या आकड्यावर भांडतात. समजा भाव एकरी 20 लाख, म्हणजे गुंठा 50 हजार. टॉवरचे चार पाय 12 बाय 12 मीटरवर, चारी बाजूंनी एकेक मीटर वाढवून 14 बाय 14, जेमतेम 2 गुंठे. त्याचे 200 टक्के म्हणजे 2 लाखांच्या आत. आणि तारा शेतावरून 80 मीटर लांब गेल्या तर 46 गुणिले 80, जवळपास 36 गुंठे. त्याचे 30 टक्के साधारण 5 लाख 40 हजार. बघा, मोठी रक्कम टॉवरची नसून तारांखालच्या पट्ट्याची आहे, आणि ज्यांच्या शेतात टॉवर नाही पण वरून तार जाते ते शेजारी तर अर्जच करत नाहीत. पीक आणि झाडांचे पैसे याखेरीज वेगळे, आणि ते पाया, उभारणी, तार ओढणं अशा प्रत्येक टप्प्यावर जेवढं नुकसान होईल तेवढे.

रक्कम पटली नाही तर तार कायद्याच्या कलम 16(3) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलंय की जमीन कुठे आहे, तार छोट्या तुकड्यावरून जाते की शेताच्या मधोमध, अशा गोष्टी बघून रक्कम ठरवावी. दीड एकराच्या मधोमध तार गेली हा तुमचा मुद्दा तिथे वजनदार ठरतो. जमिनीची मालकी जात नाही, उताऱ्यावर नाव तुमचंच राहतं. पण पट्ट्यात बांधकाम कायमचं बंद. दिरांच्या मुलाचं घर त्या शेतात बांधायचं मनात असेल तर ते आताच हरकतीत लिहा.

आणि उतारा काढून बघा कुणाच्या नावावर आहे. आपल्याकडे निम्म्या घरांत अजून आजोबांचं नाव चालतंय, वारसा नोंद झालेली नाही. पैसे उताऱ्यावरच्या नावाला निघतात; भावाभावांत एकमत नसेल तर ते पडून राहतात. बाँड पेपरवर गुंठे घेतलेल्यांची तर आणखी पंचाईत, भरपाई मूळ मालक घेऊन जातो.

एक गोष्ट कानाला लागेल अशी सांगतो. तुमच्यापासून 50 मीटर सरकली म्हणजे कुणाच्या तरी 50 मीटर जवळ गेली. माझ्या डोळ्यांसमोर एका गावाने लाइन ढकलली आणि पलीकडच्या वाडीने दोन वर्षं त्यांच्याशी रोटी-बेटी सोडा, बोलणंही बंद ठेवलं. म्हणून एकट्याने अर्ज करू नका. दोन एपींच्या मधले सगळे सर्व्हे नंबर घ्या, त्या मालकांना एका ओसरीवर बसवा, मधला माळ किंवा पड जमीन कुठे आहे ते गावनकाशावर तुम्हीच दाखवा. इंजिनिअरला तयार पर्याय दिला तर तो निदान बघतो. नुसतं ‘नको’ म्हटलं तर तो डीसींकडे जातो.

आता मला तीन गोष्टी कळवा: घराच्या दोन्ही बाजूंच्या एपींचे नंबर आणि त्यांच्यातलं अंतर (मोबाइलच्या नकाशावर बोट ठेवून मोजता येतं), टेपने मोजलेलं घराचं अंतर, आणि खुंट्या मारणाऱ्यांच्या गाडीवर किंवा कागदावर कुणाचं नाव होतं. खुंटीचा फोटो परत काढा, सकाळच्या उन्हात, अक्षरं दिसतील असा. ती खुंटी उपटू मात्र नका. उपटली तरी त्यांच्याकडे आकडे असतात, दुसऱ्या दिवशी तिथेच बसते, आणि तक्रार उगाच तुमच्या दिरांच्या नावावर होते.